त्यांचं ते आर्ट, आपलं ते कार्टं

गेल्या हिवाळ्यात अमरावतीत एका अभ्यासवर्गाला एक प्राध्यापक बोलायला आले होते. नाव लिहीत नाही. भांडण नावाशी नाही. विषय होता 'गाणं आणि समाज'. पहिला पाऊण तास त्यांनी इंग्लंड-अमेरिकेतल्या 'आर्ट पॉप'ला दिला. बीटल्स, डेव्हिड बोवी, रॉक्सी म्युझिक, केट बुश. बाजारात खपणारं गाणंही कला कसं होतं, उसनी चाल, उसना वेश, उसनं चित्र घेऊन गाणारा नवीच गोष्ट कशी उभी करतो, हे त्यांनी छान उलगडून सांगितलं. खोटं कायले बोलू? पोरं कान देऊन ऐकत होती. मग मागच्या सतरंजीवरून एक पोरगा उठला. म्हणाला, "सर, मंग आपले भीमगीतं कशात येतेत?"

सर हसले. ते लोकप्रिय आहे, म्हणाले, त्याला सामाजिक मोल आहे, पण तो प्रचार झाला. शिवाय चाली सगळ्या सिनेमातून उचललेल्या. त्याला कला म्हणता यायचं नाही.

पोरगा खाली बसला. मीही गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं अजून टोचतं. बीटल्सनी उचललं तर कोलाज, वामनदादांनी उचललं तर उचलेगिरी? त्यांचं ते आर्ट आणि आपलं ते कार्टं? हे तिथल्या तिथे विचारायला पाहिजे होतं. तेव्हा सुचलं नाही, आता विचारतो. पण नुसतं सरांना नाही, दोस्तहो, तुम्हालाही विचारणार आहे. या पापात आपलाही वाटा आहे.

आधी आर्ट पॉप ही काय भानगड आहे ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात सरकारनं शिक्षणाची दारं जरा सैल केली. शहराशहरांत कला-महाविद्यालयं होती, शिष्यवृत्त्या होत्या. ज्यांना विद्यापीठानं उभंही केलं नसतं अशी कितीतरी पोरं चित्रं काढायच्या निमित्तानं तिथे शिरली. चित्रं थोडी काढली, गिटारी जास्त वाजवल्या. जॉन लेनन लिव्हरपूलच्या आर्ट कॉलेजातला. 'द हू'चा पीट टाउनशेंड ईलिंगचा. ब्रायन फेरी न्यूकॅसलला शिकला. त्याचा बाप शेतमजूर, कोळशाच्या खाणीतले घोडे सांभाळणारा. फेरीला शिकवायला रिचर्ड हॅमिल्टन होता. या हॅमिल्टननं १९५७ सालीच एका पत्रात पॉप कलेची लक्षणं मांडून ठेवली होती. ती बहुसंख्यांसाठी असते, स्वस्त असते, ढिगानं निघते, लवकर विसरली जाते, तरुण असते, चावट असते, आणि धंदा तर मोठाच असतो, असा त्याचा आशय. (ही यादी ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.) फेरीनं १९७२ साली रॉक्सी म्युझिकची पहिली तबकडी काढली. तिकडे न्यूयॉर्कात अँडी वॉरहॉल, स्थलांतरित मजुराचा पोरगा, सुपाच्या डब्यांची चित्रं काढून गाजला होता. त्यानं 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' नावाच्या बँडला हाताशी धरलं आणि १९६७ साली त्यांच्या तबकडीच्या वेष्टनावर एक पिवळंधमक केळं छापलं. सायमन फ्रिथ आणि हॉवर्ड हॉर्न यांनी १९८७ साली आर्ट स्कूल आणि पॉप यांच्या या नात्यावर पुस्तकच लिहिलं.

या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटतं ते दार. शेतमजुराच्या पोराला शिष्यवृत्ती मिळाली, गुरू मिळाला, नवं काही करून फसायला तीन-चार वर्षं मिळाली. फसायला वेळ मिळणं ही केवढी चैन आहे हे आपल्याला कळतं. आणि एकदा आर्ट कॉलेजचा शिक्का कपाळावर बसला, की त्यानं बाजारू गाणं केलं तरी लोक त्यात कला शोधायला लागतात.

जाता जाता एक गंमत. बीटल्सची १९६७ ची 'सार्जंट पेपर' ही तबकडी या पंथात पोथीसारखी मानतात. तिचं वेष्टन पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या चित्रकार नवराबायकोनं केलं. बीटल्सच्या मागे पुठ्ठ्याच्या माणसांची गर्दी: कार्ल मार्क्स आहे, मेरिलिन मन्रो आहे, लेखक, नट, मुष्टियोद्धा. त्या गर्दीत हिंदुस्थानातले चार जण, आणि चारही योगी-बाबा. पाचवे गांधी होते. हिंदुस्थानातला धंदा बिघडेल या भीतीनं कंपनीनं त्यांना झाकायला लावलं. म्हणजे एवढ्या थोरल्या देशातून यांच्या कलेला दिसले चार बाबा, आणि पाचवा माणूस बाजारानं पुसला. त्या साली अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांतल्या कुडाच्या भिंतींवर ज्यांचा फोटो लागलेला होता, त्यांची त्या स्टुडिओत आठवण निघाली असेल असं वाटत नाही. तक्रार नाही. ज्यांच्या तोंडून त्यांना हा देश कळला, त्यांनी जे दाखवलं ते त्यांनी छापलं. पण आर्ट पॉपच्या पोथीचंही पान असं चाळून पाहावं, नुसतं तिच्यापुढे हात जोडू नयेत.

आता आपल्या घरी या. आपलं आर्ट स्कूल कुठलं? पहिलं, सत्यशोधक जलसा. तमाशाचा साचा लोकांच्या अंगवळणी पडलेला होता: गण, गवळण, बतावणी, वग. जोतीबांच्या माणसांनी तो साचा मोडला नाही. आतला माल बदलला. गणपतीच्या जागी दुसरं नमन आलं, गवळणीतली कृष्णाची छेडछाड गेली, बतावणीत भटजी-सावकार उभा राहिला. पुढे १९३० नंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला, तो याच पाटीवर. ढोलकी वाजली की माणूस ओळखीचं काही ऐकायला यायचा, आणि बसल्या जागी त्याच्या हातात अनोळखी गोष्ट पडायची. ओळखीचं कवच, आत सुरुंग. न्यूकॅसलच्या वर्गात हॅमिल्टन जे शिकवत होता त्याच्या कितीतरी आधी नाशिकच्या खेड्यापाड्यांत हे कंदिलाच्या उजेडात चाललं होतं.

आणि वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत मजुरी. अक्षर येत नव्हतं. कुणीतरी पत्र वाचून मागितलं, वाचता आलं नाही, आणि त्या शरमेनं माणूस रडला. मग बाराखडी गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकला. आता बघा, वॉरहॉल-हॅमिल्टननं जाहिराती आणि पाट्या चित्रात आणल्या तर ती कलेतली क्रांती ठरली. इथे एका माणसाची बाराखडीच पाट्यांवरून झाली. रस्ता हेच त्याचं पुस्तक. १९४३ साली या माणसानं पहिलं गाणं केलं, तेही एका हिंदी सिनेगीताचं विडंबन. इथून पुढे हजारो गाणी, गावोगाव पायपीट, २००४ साली अखेर. 'माझ्या जीवनाचं गाणं' हे त्यांचं आत्मकथन आहे. कार्यकर्ते वामनदादांच्या फोटोला हार घालतात. ते पुस्तक वाचलेले मला फार थोडे भेटले.

सिनेमाच्या चालीवर जरा थांबू, कारण सरांचा खरा आक्षेप तिथे आहे. दीक्षाभूमीच्या बाहेर, चैत्यभूमीच्या बाहेर, यात्रेत जशी पुस्तकं मांडतात तशी पथारीवर गाण्यांची चोपडी मांडलेली असतात. पातळ कागद, निळं कव्हर. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात एक ओळ: 'चाल', आणि पुढे कुठल्यातरी सिनेगीताचा उल्लेख. ही 'चाल'ची ओळ आपण नजरेआड करतो. मला ती अख्ख्या चोपडीतली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. ज्याला सारेगम येत नाही, पेटी घ्यायची ऐपत नाही, ज्याच्या गावात गुरुजी नाही, त्याला त्या एका ओळीत पूर्ण संगीत मिळतं. ती गरिबाची स्वरलिपी आहे. यवतमाळच्या पोरानं लिहिलेलं गाणं मूर्तिजापूरची बाई कुणी न शिकवता म्हणू शकते. एवढी सोपी व्यवस्था कुठल्या संगीत विद्यालयाला जमली?

पण सोय एवढीच बाजू नाही. पन्नास-साठच्या दशकातला खेड्यातला आपला माणूस आठवा. रेडिओ हॉटेलात. हॉटेलात आपली कपबशी वेगळी, आपण बाहेर ओट्याखाली. आत वाजणारं गाणं मात्र भिंत ओलांडून यायचं; सुराला कुणी शिवाशिव लावू शकलं नाही. ते प्रेमगीत त्याच्या कानात बसायचं. मग तीच चाल शाहीर उचलायचा आणि त्यात दामटून बापाचं नाव बसवायचा. ऐकणाऱ्याच्या मनात दोन गाणी एकाच वेळी चालू व्हायची. खाली नट-नटीचं, वर आपलं. खालचं गाणं सांगायचं की जीव लाव. वरचं सांगायचं कुणाला लाव. ही दुहेरी वीण ज्याला ऐकू येत नाही, त्यानं आर्ट पॉपवर व्याख्यानं द्यावीत, पण आपला कान तपासून घ्यावा.

अर्थात प्रत्येक चाल-उचल अशी नसते. नव्वद टक्के फसते, आणि आपण हे कधी बोलत नाही. का फसते? सिनेमाच्या चालीत लांबवायच्या जागा ठरलेल्या असतात. तिथे दीर्घ अक्षर पाहिजे, आणि अर्थालाही तिथे वजन पाहिजे. कच्चा कवी त्या जागेवर 'चा-ची-चे' आणून टाकतो, आणि गायक बिचारा 'चा' वर आलाप घेत बसतो. चार मात्रांत 'बाबासाहेब' कोंबतो, मग गाताना 'बासाब' ऐकू येतं. त्याहून मोठा दोष म्हणजे नावाची घाई. पहिल्या ओळीतच भीम, दुसऱ्या ओळीत भीम, यमकाला भीम. नाव इतकं स्वस्त करून टाकतात की शेवटी नुसता ठोका उरतो. चांगला शाहीर नाव राखून ठेवतो. आधी पाण्याचं बोलतो, मायच्या लुगड्याचं, चुलीतल्या राखेचं, शाळेबाहेर बसलेल्या पोराचं. ऐकणारा वाट पाहायला लागतो, आणि मग कडव्याच्या तोंडाशी ते नाव येतं. वामनदादांची चांगली गाणी घ्या आणि नाव कुठे येतं तेवढंच पाहा. मग आजच्या कुठल्याही चार गाण्यांत पाहा. फरक कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

हे मी लिहितो तेव्हा काही मित्र रागावतात. भीमगीतावर टीका? अरे, कवितेवर करतो ना आपण! 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हापासून आपल्या अनियतकालिकांनी कवितेची चामडी सोलली. शब्द, प्रतिमा, बांधिलकी, जाणीव, सगळं काढलं. गाण्याचं परीक्षण किती अंकांत आलं? मला आठवत नाही. कविता छापलेली, म्हणून साहित्य. गाणं गायलेलं, म्हणून कार्यक्रम. ही वर्णव्यवस्था आपणच आपल्या घरात पाळली. दहा सभांचं काम एक जलसा करतो, अशा अर्थाचं बाबासाहेबांचं बोलणं आपण दर कार्यक्रमात सांगतो. सांगताना गाण्याला सभेच्या तराजूत घालतो हे ध्यानात येत नाही. किती जमले, किती पेटले. गाणं म्हणून ते कसं होतं, कुणी विचारतच नाही. मग त्या प्राध्यापकानं 'प्रचार' म्हटलं तर त्याला हा शब्द पुरवला कुणी?

आपल्या अमरावतीतच एक उदाहरण आहे. सुरेश भट. १९३२ चा जन्म, ब्राह्मण डॉक्टरचं घर, लहानपणी पोलिओनं पाय अधू. 'रंग माझा वेगळा' १९७४ साली, 'एल्गार' १९८३ साली. मंचावर स्वतः गाऊन म्हणायचे, लोक रात्ररात्र बसायचे. हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांच्या शब्दांना चाली दिल्या, लता-आशाच्या गळ्यातून ते घराघरांत गेले, जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मध्ये (१९७९) गेले. कवीचा शब्द, अवघड चाल, आणि तरी पानठेल्यावर गुणगुणलं जाणारं गाणं: मराठीत आर्ट पॉप म्हणून बोट दाखवायचं तर मी इथेच दाखवीन. भट पुढे बुद्धाच्या वाटेला आले. त्यांनी लिहिलेली भीमवंदना आज वस्तीवस्तीत म्हटली जाते, मीही म्हणतो. या माणसाबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. तरी विचारतो, की भटांच्या वंदनेला 'काव्य' म्हणायचं आणि वामनदादांच्या गाण्याला 'चळवळीचं गाणं', ही विभागणी केली कुणी? गेय दोन्ही. लोकांच्या तोंडी दोन्ही. प्रचार म्हणाल तर दोन्ही. कानानं ऐकून ती ठरवलेली नाही, आडनाव पाहून ठरवलेली आहे.

त्याच हृदयनाथांनी १९७७ साली 'जैत रे जैत' केलं. ठाकर आदिवासींची कथा, महानोरांचे शब्द, डोंगरातला ढोल. सुंदर आहे, मी तबकडी झिजवली आहे. पण पाहा, ढोल डोंगरावरून स्टुडिओत गेला की 'कलात्मक प्रयोग' होतो. सिनेमाची चाल स्टुडिओतून वस्तीत आली की चोरी होते. एकाच रस्त्यावरून दोन बाजूंनी माणसं चालली आहेत, आणि नाक्यावरचा शिपाई एकाच बाजूच्या लोकांच्या पिशव्या तपासतो.

भटांनी एक काम मात्र असं केलं की त्याचा मला हेवा वाटतो. नवख्या पोरांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहून दिली. मतला म्हणजे काय, काफिया कुठे, रदीफ कुठे, मात्रा कशा मोजायच्या. साधी पुस्तिका. तिनं कित्येक पोरांना गझल लिहिती केली, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या भीमराव पांचाळेंसारख्या गायकानं गझलेलाच आयुष्य वाहिलं. आपल्या गाण्याची अशी बाराखडी कुठे आहे? 'चाल'ची ओळ कशी निवडायची, नाव कुठे ठेवायचं, कोरस कधी घ्यायचा, हे वामनदादांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसांना ठाऊक होतं. ती माणसं एकेक करून चालली. विठ्ठल उमप २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवर, मंचावरच गेले. त्यांच्या गळ्यात किती प्रकार होते! त्यातलं किती कागदावर आलं?

आता कॅसेट. ऐंशीच्या दशकात टी-सिरीज, व्हीनस या कंपन्या आल्या, एचएमव्हीची मक्तेदारी ढिली झाली आणि वस्तीतल्या गायकाला पहिल्यांदा बाजार मिळाला. हॅमिल्टनची यादी काढा: बहुसंख्यांसाठी, स्वस्त, ढिगानं, चावट, धंदेवाईक. एकूण एक लक्षण जुळतं. प्रल्हाद शिंदे मूळचे कव्वाल, आवाज असा की कर्ण्याची गरज पडू नये. त्याच आवाजात भीमगीतं घराघरांत गेली, आणि त्याच आवाजात पंढरीची वाटही. पोरगा आनंद, त्याचं पोपटाचं गाणं गावागावात लग्नात वाजलं. कंपनीला आषाढीत विठ्ठल लागतो, भाद्रपदात गणपती, एप्रिलात भीम. आमचे कार्यकर्ते बावीस प्रतिज्ञा हातात घेऊन शिंदे घराण्याला जाब विचारतात. विचारा. मलाही ते गणपती खटकतात. पण जाब विचारताना मंडळाची हिशेबाची वहीही उघडी ठेवा. डीजेला किती दिले, शाहिराला किती? शाहिराच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी 'शाल व पुष्पगुच्छ' असं लिहिलेलं सापडेल. शाल पांघरून पोरांची फी भरता येत नाही.

आणि कॅसेटमध्ये आणखी एक झालं. घाई. एप्रिलच्या आत माल दुकानात पाहिजे, मग एका रात्रीत आठ गाणी. सगळ्यांना एकच कीबोर्ड, एकच ठेका, मध्ये एकच 'जय भीम'चा नारा. फसायला वेळ नाही, सुधारायला तर नाहीच. रमाईचं गाणं म्हटलं की रडकी सनई ठरलेली. रमाई फक्त शेणी थापते आणि झुरते, गाण्यात ती कधी हसत नाही, कधी बाबासाहेबांशी भांडत नाही. नऊ कोटींची माय म्हणायचं आणि तिला एकच भाव द्यायचा! हे कंपनीनं केलं असं म्हणून हात झटकू नका, लिहिणारे आपलेच होते.

डीजेचं बोलल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. १४ एप्रिलच्या रात्री इर्विन चौकात उभं राहा. बाबासाहेबांचा पुतळा, निळा गुलाल, पाय ठेवायला जागा नाही, आणि बॅसचा दणका बरगड्यांत. मी नाक मुरडणाऱ्यांतला नाही. ज्यांच्या आज्याला गावच्या रस्त्यावरून मान खाली घालून कडेकडेनं जावं लागलं, त्याचा नातू चौकाच्या मधोमध हात वर करून नाचतो, ही गोष्ट मला व्याख्यानापेक्षा जास्त सांगते. नागराज मंजुळेंनी 'झुंड'मध्ये (२०२२) जयंतीचं ते वारं पडद्यावर आणलं, तेव्हा थिएटरात माझ्या बाजूचे पोट्टे उठून उभे राहिले होते. ते खरं आहे. पण हेही खरं आहे: गेल्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी वस्तीतल्या एका मावशीला विचारलं, "मावशी, काल गाणे कोणते होते?" म्हणाली, "कायचे गाणे बाप्पा. खिडकीचे तावदानं वाजत होते, थेच आयकले." शब्द गेला. ज्या गाण्याचा सगळा जीव शब्दात होता त्यातून शब्दच गेला, ठेका उरला. आणि ठेका कुणाचाही असू शकतो. तीच पेटी, तोच ट्रॅक, गणपतीत नाव बदलून वाजतो.

याच्या उलट टोकाला छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात. एक एकतारी, एक आवाज, मागे घराची भिंत. मोबाइलवरून ते गाणं महाराष्ट्रभर फिरलं. एका तारेवर उभं राहिलेलं ते गाणं ऐकताना प्रत्येक शब्द कळतो, श्वास कुठे घेतला तेही कळतं. याला कुणी आर्ट म्हणालं नाही. परदेशातल्या एखाद्या बाईनं भिंतीपुढे बसून एका तारेवर असंच गायलं असतं तर त्यावर दोन पानं छापून आली असती.

नवी पोरं काय करताहेत? चेन्नईत २०१८ च्या जानेवारीत सिनेदिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारानं 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' मंचावर आलं. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत मयताला म्हणतात ते 'गाना', त्यात रॅप, त्यात रॉक. जात नसलेले तमिळ ही अयोथी दास पंडितांची कल्पना, तिच्यावरून नाव घेतलं. जालंधरची गिन्नी माही गायला लागली तेव्हा वर्तमानपत्रांनी 'चमार पॉप' असं नाव देऊन टाकलं. अमरावतीच्या विपिन तातडसारखी पोरं रॅप करतात. रॅप ऐकून आपले काही जुने कार्यकर्ते कपाळाला आठ्या घालतात. त्यांना मी गाडगेबाबांची आठवण देतो. आपल्याच अंजनगाव तालुक्यातल्या शेणगावचा परीट. अक्षर नाही. हातात काठी आणि खापर, तोंडी वऱ्हाडी. प्रश्न टाकायचा, गर्दीकडून उत्तर वसूल करायचं, उत्तरावर पुन्हा प्रश्न, ताल न सोडता. त्याला कीर्तन म्हणत. आज कुणी पोट्टा कट्ट्यावर तेच करतो तर तो 'वेस्टर्न' झाला का?

चेन्नईच्या मंडळींची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. ती नुसती जोशात मंचावर चढली नाहीत. तेनमा नावाचा संगीतकार सोबत होता, गायक निवडले, एकत्र बसले, तालीम केली. गानावाला आणि गिटारवाला यांनी एकमेकांचं ऐकलं. आपल्याकडे जयंतीच्या वर्गणीतून तालमीची खोली भाड्यानं घेतल्याचं मी एकाही मंडळात पाहिलं नाही. १९२७ च्या नोव्हेंबरात याच अमरावतीत वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली, अंबादेवीच्या मंदिर-प्रवेशाच्या प्रश्नावर, आणि ती भरली इंद्रभुवन थिएटरात. देवळाचं दार बंद, थिएटरचं उघडं. यातून मी ओढूनताणून अर्थ काढत नाही. एवढंच की या गावात नाटकाच्या जागेत आपली माणसं त्या दिवशी बसली होती, आणि आज एक साधी तालमीची खोली आपल्याला जड होते.

आणि त्या शिक्क्याचं? मला तो शिक्का नको आहे. उद्या दिल्लीचं एखादं इंग्रजी मासिक भीमगीताला आर्ट पॉप म्हणून कव्हरवर छापील, सर पुढच्या अभ्यासवर्गात तेच वाचून दाखवतील, आणि आपण टाळ्या वाजवू. मला पाहिजे तो कान. कुणाच्या प्रमाणपत्राशिवाय हे गाणं बरं, हे भिकार, हे नाव इथे फुकट घातलं, ही चाल इथे फळली, असं वस्तीत बसून म्हणता येईल असा कान. पुढच्या अंकापासून दर खेपेला एका गाण्याचं परीक्षण छापायचं असं आम्ही ठरवलं आहे. शिव्या येतील. येऊ द्या, पण गाणं ऐकून द्या.

त्यासाठी जुनी गाणी गोळा करायला गेल्या महिन्यात अकोल्याला गेलो होतो. एका वस्तीत बायांचं भजनी मंडळ आहे, खंजिरीवर बुद्ध-भीमाची गाणी म्हणतात. सत्तरीची एक मावशी म्हणाली, बस, चहा घे, मंग आयक. डोळे मिटून तिनं रमाईवर एक गाणं म्हटलं. रमाई त्यात चक्क बाबासाहेबांना दटावत होती, पुस्तक ठेवा आणि दोन घास खा म्हणून. शेजारच्या बाया हसत होत्या. चाल मला ओळखीची वाटली, जुन्या हिंदी सिनेमातली, लताबाईंची. वहीत 'चाल' लिहून पुढे जागा सोडली आणि विचारलं, "मावशी, हे चाल कोणत्या पिच्चरची?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग खंजिरी मांडीवर ठेवून म्हणाली, "पिच्चरची कायची रे? माह्या मायच्या तोंडची चाल हाये हे. पिच्चरवाल्यायनं नेली असन."

बाकीच्या बाया माना हलवायला लागल्या. मी वहीतली ती जागा तशीच कोरी ठेवली आणि दुसरं गाणं म्हणायला सांगितलं.